शूटिंगच्या गर्दीत काम करायला जाताना आधी काय ठरवून घ्यावं? (वेंगुर्ले)

सुरंगी | गुरुवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. गेल्या तीन वर्षांत मालिका आणि सिनेमा मिळून अकरा दिवस गर्दीत काम केलंय. बाजारात भाजी घेणारी बाई, लग्नात अक्षता टाकणारी बाई, आणि एकदा सलग तीन दिवस मयताच्या घरातली शेजारीण.

पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गावात एका सिनेमाचं जत्रेचं शूटिंग आहे, दोन रात्री. साठ माणसं हवीत. गर्दीची माणसं जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मला फोन आला, "ताई, तुम्ही आधी केलंय, तुमच्या वाडीतल्या बायका गोळा करा. माणशी पाचशे आणि जेवण." मी अजून हो म्हटलेलं नाही. या वेळी माझ्या शब्दावर दुसऱ्या बायका येणार आहेत. माझे स्वतःचे पैसे एकदा बुडले तेव्हा मी गप्प बसले. त्यांचे बुडाले तर वाडीत कुठल्या तोंडाने फिरू?

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एका दिवसाबद्दल लिहिते. पहाटे पाचला टेम्पो आला. सहाला आम्ही सेटवर. पोहे, चहा झाला. मग ड्रेसदादाने प्रत्येकीची साडी बघितली. दोघींच्या साड्या फार चकचकीत म्हणून बदलायला लावल्या, बदलायला जागा म्हणजे दोन बायकांनी धरलेली चादर. पहिला शॉट लागला दुपारी एकला. तोपर्यंत माडाच्या सावलीत बसून. मग "पासिंग द्या" म्हणून ओरड झाली, म्हणजे मुख्य कलाकार बोलत असताना आपण मागून चालत जायचं. तेच चालणं मी चौदा वेळा केलं, पिशवी त्याच हातात, वळायचं त्याच खांबाशी. एकदा पिशवी डाव्या हातात घेतली तर शॉट कापला. ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही, हे जमायला मला अर्धा दिवस लागला.

मयताच्या सीनला कंटिन्युइटी म्हणून, म्हणजे सगळ्या शॉटमधे सारखंच दिसावं म्हणून, तीन दिवस तीच साडी. एप्रिलचा उकाडा, घामाने साडी कडक झालेली, पण धुवायची नाही, कारण पहिल्या दिवशीचे डाग आणि चुण्या फोटोत आहेत.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, जी बायका एकमेकींतच बोलतात. आमच्यासाठी संडास-मोरीची सोय नव्हती. व्हॅनिटी गाड्या मोठ्या कलाकारांच्या. आम्ही सकाळपासून पाणी प्यायचंच कमी केलं. एक बाई संध्याकाळी चक्कर येऊन पडली ती यामुळेच.

त्या तीन दिवसांचे पैसे आजपर्यंत आले नाहीत. आधी "महिन्याने", मग "प्रोडक्शनने अजून सोडले नाहीत", मग फोन उचलणं बंद. लिहिलेलं काही नव्हतंच, दाखवणार काय?

मला काम आवडतं, हे मनापासून सांगते. कॅमेरा फिरायला लागला की सगळं आवार एका क्षणात गप्प होतं, त्या शांततेत उभं राहायला मला आवडतं. म्हणूनच हे नीट व्हावं असं वाटतं. फोनवर हो म्हणण्याआधी काय काय विचारून घेऊ?

---

गोरेगाव_ते_गुहागर | गुरुवार, रात्री ११:२०

सुरंगीताई, मी मुंबईत चौदा वर्षं ज्युनियर आर्टिस्टचं म्हणजे गर्दीतलंच काम केलं, संघटनेच्या कार्डावर. आता गुहागरला घरी आहे. तुमचं वाचून झोप उडाली म्हणून लगेच लिहितो.

आधी एक शब्द बदला. फोनवर "आमच्या बायका हौसेने येतील" असं चुकूनही म्हणू नका. ही मजुरी आहे. मुंबईत गर्दीत उभं राहणाऱ्यांच्या संघटना आहेत, बायकांची तर वेगळी आहे, महिला कलाकार संघ. या संघटना सिने कामगारांच्या फेडरेशनशी जोडलेल्या. तिथे शिफ्ट ठरलेली, शिफ्टनंतरच्या तासांचे पैसे वेगळे, रात्रीचं काम असेल तर घरी जायचा खर्च वेगळा. हे कुणी आपण होऊन दिलं नाही, लोकांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलंय. आपल्याकडे शूटिंगचं युनिट येतं तेव्हा त्यातलं काहीच लागू नसल्यासारखं वागतात, कारण गावात कार्ड कुणाकडे नसतं आणि दर कुणाला माहीत नसतो.

पैशाची वाट कशी असते ते समजून घ्या. निर्माता पैसे देतो प्रोडक्शन मॅनेजरला, तो क्राउडच्या कोऑर्डिनेटरला, तो गावातल्या माणसाला, आणि तो तुम्हाला. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं झिरपतं. तुम्हाला पाचशे सांगितले म्हणजे वरून पाचशेच निघालेत असं मुळीच नाही. मधल्या माणसाने त्याचं कमिशन घ्यावं, त्याचीही धावपळ असते, फक्त ते किती हे उघड असावं.

टीव्हीच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पेमेंट ही जुनी रीत आहे. मोठ्या कलाकारांनाही थांबावं लागतं. पण रोजंदारीवरच्या माणसाला नव्वद दिवस सांगणं म्हणजे त्याचं घर चालत नाही हे ठाऊक असून सांगणं. गर्दीचे पैसे पॅकअपला, म्हणजे त्या दिवसाचं शूटिंग संपताच, रोख किंवा तिथल्या तिथे मोबाइलवर. ही अट मोडू देऊ नका.

आता कायदा. १९८१ साली सिने कामगारांसाठी कायदा झाला. त्यात स्पष्ट होतं की लेखी कराराशिवाय कामावर घ्यायचं नाही, आणि माणूस ठेकेदारामार्फत आला असेल तर करारावर ठेकेदाराबरोबर निर्माताही हवा. म्हणजे "आमचा संबंध कोऑर्डिनेटरशी, तुमच्याशी नाही" हे म्हणायची सोयच नाही. तो कायदा कथापटांपुरता होता. आता २०२० ची कामगार सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तिच्यात दृक्‌श्राव्य कामगार अशी व्याख्या आहे आणि मालिका, वेब मालिकासुद्धा धरल्या आहेत. लेखी कराराची गोष्ट तिथेही आहे.

प्रत्यक्षात साठ जणांशी साठ करार कुणी करणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून एवढं तरी करा. कंपनीच्या लेटरहेडवर एक कागद घ्या: तारखा, किती माणसं, माणशी किती, किती तासांची शिफ्ट, जास्त वेळ झाला तर तासाला किती, पैसे कधी. खाली प्रोडक्शन मॅनेजरची सही, कोऑर्डिनेटरची नव्हे. आणि स्वतःची वही ठेवा. कोण किती वाजता आलं, किती वाजता सुटलं, ज्याची त्याची सही. पुढे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायची वेळ आलीच तर ती वही कामाला येते.

आणखी एक. कुणाला एक वाक्य बोलायला दिलं, एकटीचा चेहरा जवळून घेतला, पाण्यात उतरवलं, अंगावर पाऊस पाडला, तर त्याचे पैसे वेगळे मागायचे. तिथल्या तिथे, शॉटच्या आधी. शॉट झाल्यावर तुमच्याकडे मागायला काही उरत नाही.

---

रापणकर | शुक्रवार, सकाळी ७:०५

ह्या वाचून गप रवाक होयना म्हणान लिवतंय. बाकीच्यांका समजाक होया, म्हणान फुडला साध्या मराठीत.

दोन वर्षांमागे आमच्या किनाऱ्यावर शूटिंग होतं. त्यांना रापण ओढताना दाखवायची होती. आम्ही बावीस जण. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी पावलं मिळवत ओढत आणायचं. ओढायलाच तास-दोन तास जातात. त्यांना ते अर्ध्या तासात पाहिजे होतं, आणि तेही ऊन तिरपं असेपर्यंत.

पहिल्यांदा खरी ओढली. मासळी बरी लागली, बांगडा आणि थोडी तारली. दिग्दर्शक म्हणाले, छान, पण कॅमेऱ्यासमोर कुणीतरी आलं, पुन्हा करू. रापणीचा रिटेक कसा करायचा? समुद्र दुसऱ्यांदा तसाच देत नाही. मग तेच बांगडे पुन्हा जाळ्यात भरून कमरेएवढ्या पाण्यातून ओढलं. असं चार वेळा. शेवटी बांगड्यांची पोटं फुटली, बाजारात कुणी घेईना.

आम्हाला माणशी चारशे मिळाले, ते वेळेवर मिळाले, खोटं का बोलू. पण त्यात होडीचं भाडं नाही, जाळ्याचं नाही. जाळं दोन ठिकाणी फाटलं, शिवायला तीन दिवस गेले, तेवढे दिवस धंदा बंद. शिवाय रापणीचा वाटा असतो, माणसांचा वेगळा, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शूटिंगवाल्यांनी फक्त माणसं मोजली, आणि आम्हीही मोजू दिली. तिथे आमचीच चूक झाली.

तुमच्या जत्रेत कुणाची बैलगाडी, कुणाची गॅसबत्ती, कुणाची खाज्याची टोपली, मातीची मडकी वापरणार असतील तर प्रत्येक वस्तूचं भाडं वेगळं लिहून घ्या. मोडली तर किती, तेही.

बायो, तू लिवन घे. तोंडाचा शब्द वाऱ्यार जाता.

---

जांभा | शुक्रवार, दुपारी १:४०

मी देवगडचा, कॉलेजात आहे. एका ऐतिहासिक मालिकेत पाच दिवस मावळा होतो. किल्ल्याच्या बाहेरच्या कातळावर शूटिंग होतं, कारण पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यात परवानगीचे नियम कडक असतात.

सकाळी आम्ही मावळे. जेवण झालं की दाढी चिकटवून, अंगरखा बदलून आम्हीच शत्रू. तीस पोरांत दोन्ही सैन्यं. ते मजेचं होतं. पण पायात काही घालायचं नाही असं सांगितलं, आणि एप्रिलमधे दुपारी दोनला जांभा दगड कसा तापतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. धावायचा शॉट सहा वेळा झाला. दोघांच्या तळपायांना फोड आले. प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात मलम नव्हतं. संध्याकाळी आईने पायांना खोबरेल लावलं तेव्हा तिने जे मला सुनावलं ते बरोबर होतं.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे मिळून सांगितलं की कॅमेऱ्यात पाय दिसत नसतील तेव्हा चपला घालणार. सहायक दिग्दर्शक मुलगी होती, तिने लगेच मान्य केलं. तिला वरून कुणी सांगितलंच नव्हतं की पोरं भाजतायत. म्हणजे विचारलं तर काही गोष्टी एका वाक्यात सुटतात. आम्ही चार दिवस विचारलंच नाही.

---

मास्तर_दापोली | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे अनुभव वाचले. थोडं वेगळं मत मांडतो.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या गावात शूटिंग झालं तेव्हा आम्ही कुणी पैसे घेतले नाहीत. युनिटला आमच्या शाळेत उतरवलं, घराघरांतून भाकऱ्या दिल्या, मुलं गर्दीत उभी राहिली. सिनेमा आला तेव्हा पडद्यावर आमची वाडी, आमची विहीर, आमचा समुद्र. माझी ९१ वर्षांची आई त्यात चार सेकंद दिसते. ती आता नाही. त्या चार सेकंदांची किंमत मी कशात करू? गावात पाहुणा आला की आपण आधी गूळपाणी पुढे करतो, दर सांगत नाही. ते कोकणीपण हिशोबात हरवू नये एवढंच वाटतं.

---

सुरंगी | शुक्रवार, रात्री ९:१५

मास्तर, तुमच्या आईबद्दल वाचून डोळे भरून आले. ते चार सेकंद तुमच्याकडे आहेत याचा आनंद वाटतो.

पण मला हे पटत नाही, आणि मान राखूनच सांगते. पाहुणा बजेट घेऊन येत नाही. या युनिटबरोबर लाइट उचलणारा येतो त्याला पैसे, चहा देणाऱ्या स्पॉटदादाला पैसे, जनरेटरच्या गाडीला तासाचं भाडं. त्या सगळ्या कागदावर फक्त गर्दीच्या रकान्यात "गावचे लोक" लिहून शून्य टाकायचं, आणि त्याला आपण पाहुणचार म्हणायचं? माझ्या वाडीतली जी बाई येणार आहे ती त्या दिवशी काजू फोडायला जाणार नाही, म्हणजे तिची रोजची मजुरी गेली. रात्रीचं काम आहे, म्हणजे दुसरा दिवसही गेला. ती गूळपाणी देईलच. शूटिंगवाल्या पोरांना सोलकढी पाजायला आम्ही कधी मागे सरलो नाही. ते वेगळं आणि हे वेगळं.

रापणकर दादा, वस्तूंच्या भाड्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं. जत्रेसाठी आमच्याकडून समया आणि पाट मागितलेत.

---

पेटारा | शनिवार, रात्री १२:३५

आत्ताच प्रयोगाहून आलोय म्हणून उशीर. मी दशावतारात, म्हणजे आपल्याकडच्या जत्रेतल्या नाटकात, काम करतो, मुख्यत्वे स्त्रीपार्ट. सुरंगीताई, तुमचं शूटिंग जत्रेचं आहे म्हणजे दशावतार लागणारच, तर माझं ऐका.

आमचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत. भाताची कापणी झाली की जत्रा सुरू. शूटिंगचाही हंगाम हाच, कारण पावसात कोण येणार? त्यामुळे कोऑर्डिनेटरला दशावतारी हवे असतात नेमके त्याच रात्री, ज्या रात्री आम्हाला नाटक असतं. जो मोकळा असतो तो जातो. मीही गेलो.

२०१६ साली आकेरीच्या वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली आणि मालवणी रोज रात्री महाराष्ट्रभर ऐकू यायला लागली. इथल्या रंगभूमीवरच्या माणसांना त्यात बोलायच्या भूमिका मिळाल्या. पुढे २०१९ आणि २०२१ मधे तिचे आणखी भाग आले. त्या काळात आमच्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा वाटलं की आपलं काम लोकांना हवंय. ते खरं होतं, आणि मी ते विसरत नाही.

पण गर्दीतलं काम म्हणजे काय, तेही बघितलंय. लिहून दिलेल्या संवादाशिवाय आम्ही रात्रभर उभे राहतो. कथानक ठरलेलं, बोलणं जागेवर सुचतं तसं. समोर गाव बसलेला, चूक झाली तर पुढच्या बाकावरून आवाज येतो. असा माणूस शूटिंगला गेला की त्याला सांगतात, "दादा, तुम्ही तिथे मागे उभे राहा, फक्त नॅचरल बघा." मी उभा राहिलो, बघितलं. त्या दिवशीचे सहाशे मिळाले. मग दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की कीर्तनकाराच्या मागे कुणीतरी ओव्या म्हणायला हवा, आणि युनिटमधे कुणाला येत नव्हत्या. मी म्हटल्या, लाइव्ह, तीन टेक. रेकॉर्ड झाल्या, वापरल्या. पैसे तेच सहाशे. गोरेगावच्या दादांनी लिहिलंय ते माझ्याबाबतीत घडलंय: शॉटच्या आधी मागायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या जत्रेच्या सीनमधे त्यांना दशावतार दाखवायचा असेल तर तो गर्दीच्या पाचशेत बसत नाही. अख्खं मंडळ बोलावावं लागतं. नायक, खलनायक, संकासूर, पेटीवाला, मृदंगवाला, झांजवाला. त्याची बिदागी मंडळाच्या मालकाशी वेगळी ठरवायची. कोऑर्डिनेटर गावातल्या चार पोरांना रंग लावून उभं करतो, तसं होऊ देऊ नका. आणि आमच्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा झाल्याशिवाय आम्ही रंग लावत नाही. मागे एका ठिकाणी सेटवाल्याने तो उचलून बाकावर ठेवला, "शॉटमधे छान दिसेल" म्हणून. आमच्या मालकांनी तिथेच सामान आवरलं. नंतर दिग्दर्शकांनी स्वतः येऊन क्षमा मागितली, नारळ ठेवला, मग काम झालं. हे आधीच सांगितलं तर कुणाचाच अपमान होत नाही.

देवळाच्या आवारात शूटिंग असेल तर मानकऱ्यांना आणि देवस्थानाला विचारलंय ना, तेही बघा. गाऱ्हाणं घालूनच, म्हणजे देवाला सांगूनच, सुरुवात करा. युनिटची माणसंही बहुतेक वेळा मुहूर्ताचा नारळ फोडतातच, त्यांना यात अवघड वाटत नाही.

---

ओटीवरून | शनिवार, सकाळी १०:१०

रत्नागिरीहून. माझ्या सात वर्षांच्या मुलाला शाळेच्या सीनसाठी निवडलंय, चार दिवस, शाळा बुडवून. पंधराशे रुपये रोज देतो म्हणतात. लहान मुलांचं काही वेगळं असतं का? विचारायला भीती वाटते, नाहीतर दुसरं मूल घेतील.

---

गोरेगाव_ते_गुहागर | शनिवार, सकाळी १०:५५

असतं, आणि विचाराच. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिच्यात बालकलाकारांना सूट आहे, पण अटींवर, आणि त्या अटी २०१७ च्या नियमांत लिहिल्या आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत. शिक्षणात खंड पडणार नाही हे बघणं त्यांची जबाबदारी. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही.

परवानगीचा कागद दाखवा म्हणा. चांगली कंपनी असेल तर तो असतोच, त्यांना राग येत नाही. ज्यांना राग येईल तिथे मूल पाठवू नका. आणि तुम्ही स्वतः पूर्ण वेळ तिथे बसा, मॉनिटर, म्हणजे शॉट दिसतो तो पडदा, दिसेल अशा जागी. मुलाला भूक लागली की तुम्ही उठून सांगायचं, तो सांगणार नाही.

---

कुडाळकर | शनिवार, दुपारी ३:२०

एक सावधगिरी राहिली. "कार्ड काढून देतो", "पोर्टफोलिओ लागतो", "रजिस्ट्रेशन फी भरा" असं म्हणून आमच्या भागातल्या मुलींकडून तीन-तीन हजार घेतले गेलेत. माझी भाची त्यात होती. त्या माणसाने पुढे एकही काम दिलं नाही. गर्दीत काम करायला आधी पैसे भरावे लागत नाहीत. जो तुमच्याकडून पैसे मागतो तो काम देणारा नव्हे. फोटो मागितले तर साधे, समोरून आणि बाजूने, घरच्या कपड्यातले पुरेत. आधारकार्डाची प्रत पाठवायची तर तिच्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहून सही करूनच पाठवा.

आणि रात्रीचं काम असेल तर घरापर्यंत गाडी, प्रत्येकीच्या दारात. पॅकअप पहाटे तीनला होतो, पहिली एसटी सहाला. मधले तीन तास बायकांनी कुठे काढायचे?

---

मास्तर_दापोली | रविवार, सकाळी ८:००

सुरंगी, तुझं उत्तर दोनदा वाचलं. काजू फोडणाऱ्या बाईचा मुद्दा मला सुचला नव्हता, कारण मला पेन्शन होती आणि शूटिंगला उभं राहिलो म्हणून माझं काही बुडलं नाही. आमच्या गर्दीत दोन मोलकरणी होत्या, त्यांचा दिवस बुडाला असणार. मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारणार आहे.

तुमची वही सुरू करायची असेल तर शाळेच्या हजेरीपटासारखी आखा. आडव्या ओळीत नाव, उभ्या रकान्यात आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही, रक्कम. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. हजेरीपट मी ३४ वर्षं आखलेत, सांगाल तर नमुना पाठवतो.

---

सुरंगी | सोमवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

शनिवारी रात्रीच मी कोऑर्डिनेटरला मेसेज टाकला. बोलून नाही, लिहून, कारण बोलताना मी मऊ पडते. त्यात एवढंच: रात्रीचे माणशी आठशे, दहा तासांच्या पुढे तासाला शंभर, पॅकअपला रोख, दारापर्यंत गाडी, बायकांसाठी संडास आणि कपडे बदलायला बंद खोली, वस्तूंचं भाडं वेगळं, आणि हे सगळं कंपनीच्या कागदावर.

रविवारी दुपारपर्यंत उत्तर नाही. मला वाटलं गेलं काम हातचं. वाडीतल्या दोघी-तिघी नाराजही झाल्या, "तू फार ताणलंस, पाचशे तर पाचशे." मी त्यांना काही बोलले नाही. त्यांचं घर कसं चालतं ते मला माहीत आहे.

चारला फोन आला, कोऑर्डिनेटरचा नव्हे, थेट प्रोडक्शन मॅनेजरचा. तो म्हणाला, त्याला माणशी पाचशेचं काही माहीतच नाही, त्याने कोऑर्डिनेटरला दिलेला दर वेगळा आहे. किती ते मी विचारलं, त्याने सांगितलं नाही. सातशेवर ठरलं. आठशे मिळाले नाहीत. जास्तीच्या तासांचे शंभर मान्य, रोख मान्य, गाडी मान्य. शाळेची एक खोली आणि संडास उघडून देणार आहेत, किल्ली माझ्याकडे राहील. समया-पाटांना मिळून दोन रात्रींचे हजार. दशावताराबद्दल मी पेटारा दादांचं सगळं वाचून दाखवलं. तो गप्प ऐकत होता, मग म्हणाला, "मंडळाच्या मालकांचा नंबर द्या." दिला.

कागद आज आला. लेटरहेड आहे, सही आहे, पण त्यात जास्तीच्या तासांची ओळ राहिली होती. परत पाठवला. संध्याकाळी दुसरा आला, त्यात ती आहे. आगाऊ रक्कम मागितली होती, ती दिली नाही. त्यावर मी अडून बसले नाही. बसायला हवं होतं का, कुणी सांगाल तर बरं.

जुन्या त्या तीन दिवसांच्या पैशांसाठी कामगार कार्यालयात अर्ज करायचा ठरवलंय. माझ्याकडे कागद नाही, पण ड्रेसदादाने रोज माझे कंटिन्युइटीचे फोटो काढले होते, आणि त्यातले दोन मी हौसेने मागून घेतले होते. तारखेसकट फोनमधे आहेत. गोरेगावचे दादा, ते चालतील का?

साठ म्हणाले होते, अठ्ठावन्न जण झाले. उद्याचा कॉल, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, संध्याकाळी पाचचा आहे, गाडी साडेचारला पाणंदीच्या तोंडाशी येईल. मास्तरांनी पाठवलेल्या नमुन्यासारखी वही आखून झाली. पहिलं नाव सासूबाईंचं आहे. त्यांनी अंगठा देणार नाही म्हणून सांगितलंय, सही करणार आहेत, दुपारपासून पाटीवर गिरवतायत.